तळवडेकर मास्तर आणि बंद पाकिटातली चाल

मास्तर गेल्याचं त्यांच्या लालबागच्या शेजाऱ्यांनी फोनवर कळवलं, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. आता हे कोणालाच कळणार नाही, असं वाटलं आणि चक्क हायसं वाटलं. मग स्वतःची किळस आली... पण पहिला विचार तो पहिलाच. गेल्या महिनाभरात मास्तरांविषयी बरंच चांगलं छापून आलं. गिरणीतला विणकर, नावाजलेला बुद्धिबळपटू, कित्येक मुलांचा गुरू, डावाच्या शेवटावर मराठीत पुस्तक लिहिणारा माणूस. सगळं खरं आहे. पण त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा डाव माझ्यामुळे गेला, आणि त्याचा ठपका मी त्यांच्या धाकट्या भावावर राहू दिला, हे कुठे छापलेलं नाही. म्हणून मी लिहितो आहे.

मी गिरगावातल्या कारकुनाचा मुलगा. नुकता नोकरीला लागलो होतो आणि संध्याकाळी लालबागला मास्तरांकडे शिकायला जायचो, कारण त्यांच्यासारखं शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्यासारखं बोलणारंही नव्हतं. ‘मेल्या, हत्ती काय देवळाच्या दारात बांधून ठेवलंस? आशीर्वाद देतलो तो?’ असं म्हणाले की सगळे पोट धरून हसायचे; ज्याची पाळी असेल तो सोडून. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. एका खोलीत ते, भाऊ बाबल आणि बाबलची बायको सुनंदा, अशी तिघं राहत. दोघे भाऊ एकाच गिरणीत. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटलं आणि बाबल एका सकाळी गुपचूप कामावर गेला. चाळीने त्याला फितूर ठरवलं. मास्तरांनी घराबाहेर काढलं नाही, पण बोलणं कामापुरतं उरलं.

त्याच सुमारास दादरला मोठी स्पर्धा झाली. पहिल्या दोघांत येणाऱ्याला एका कंपनीच्या संघात घेणार होते, म्हणजे कायमची नोकरी. मास्तरांचा शेवटचा डाव गुप्ते यांच्याशी होता. हे गुप्ते मास्तरांच्याच गिरणीच्या ऑफिसात अधिकारी. वेळ संपली, डाव दुसऱ्या दिवसावर गेला. अशा वेळी ज्याची पाळी असेल त्याने पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचांकडे द्यायची असते. दुसऱ्या दिवशी पाकीट उघडेपर्यंत ती प्रतिस्पर्ध्याला कळत नाही. मास्तरांनी चाल लिहिली आणि आम्ही घरी आलो. पट मांडून ते म्हणाले, ‘सगळे म्हणणार हत्तीने शह. मी उंट मागे घेतलाय. गुप्त्याला घड्याळ चालू असताना उत्तर सापडायचं नाही.’ खोलीत आम्ही तिघंच होतो. बाबल भिंतीला टेकून ऐकत होता. वहिनी माहेरी गेलेल्या.

मी कौतुकाने काहीतरी बोललो, तर मास्तर म्हणाले, ‘तू नको बोलू. तू पोपट. पुस्तकातलं पाठ म्हणतोस. तुझ्यापेक्षा हा फितूर बरा खेळतो.’ बाबल हसला. मीही हसलो...

दुसऱ्या दिवशी दुपारी दादरच्या एका हॉटेलात गुप्ते भेटले. चहा मागवत म्हणाले, ‘काय रे, तुझे मास्तर हत्तीनेच शह देणार ना? दुसरं काय सुचणार त्यांना? माग चालवणारा माणूस.’ मी म्हणालो, ‘हत्ती नाही. उंट मागे.’ गुरूचा अपमान सहन झाला नाही म्हणून तोंडातून निघालं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. तो ‘पोपट’ आदल्या दिवसापासून डोक्यात होता. मास्तर हरावेत असं मला वाटत होतं, आणि काय बोलतोय हे मला नीट कळत होतं. गुप्ते चहा तसाच टाकून उठले.

संध्याकाळी पंचांनी पाकीट उघडलं, उंट मागे गेला आणि गुप्त्यांनी क्षणभरही न थांबता उत्तर दिलं. मास्तरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. डाव बरोबरीत सुटला, मास्तर तिसरे आले. घरी आल्यावर त्यांनी टोपीही काढली नाही. बाबलपुढे उभे राहिले.

‘सकाळी गेल्लंस ना गिरणीत? संप फोडलंस, आता माझा पाकीटय फोडलंस?’

‘दादा, मी नाय सांगूक.’

‘मग कोण? ह्यो? ह्येका काय पडलाहा गुप्त्याचा?’

बाबलने माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या चहाकडे पाहत राहिलो.

आठवडाभरात बाबल आणि वहिनी घोडपदेवला राहायला गेले. मास्तर पुन्हा गिरणीत गेले नाहीत आणि भावाशी पुन्हा बोलले नाहीत. गिरगावात, परळला, शाळांतून शिकवत राहिले, मुलांना रडवत आणि खेळाडू बनवत राहिले. पुस्तक लिहिलं, त्यात तो डाव घेतला. टीप अशी होती: ‘बंद चाल घरातून फुटली. पुढचा डाव शिकण्यासारखा नाही.’ त्या पुस्तकाची मुद्रितं मी तपासली. त्या पानावर मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

शीवच्या इस्पितळात शेवटचा भेटलो, तेव्हा मास्तर अर्धे उरले होते, जीभ तेवढी शाबूत. मी म्हणालो, ‘मास्तर, एक सांगायचंय.’ म्हणाले, ‘डावाविषयी असेल तर सांग. नाहीतर मोसंबी सोल.’ मी मोसंबी सोलली. तीन दिवसांनी ते गेले. बाबलने खांदा द्यायचा नाही, असं त्यांनी शेजाऱ्यांना बजावून ठेवलं होतं. बाबलदा आले होते. समोरच्या फुटपाथवर चपला काढून उभे राहिले, आणि अंत्ययात्रा वळल्यावर चपला घालून निघून गेले. खांदा मी दिला.

तेराव्यानंतर घोडपदेवला गेलो. बाबलदा खाटेवर बसले होते, वहिनी खाली बसून कोळंबी सोलत होत्या. मी सगळं सांगितलं.

‘माका म्हायत होता,’ बाबलदा म्हणाले. ‘खोलीत तिघा होतो. मी नाय, दादा नाय. मग उरलो कोण?’

‘मग तेव्हा माझं नाव का नाही घेतलंत?’

‘घेतलंय असता तर कोण ऐकणार होतो? फितुराचा? तू ता दादाक सांगूक व्हया होता. मेलेल्याक काय सांगतलंस आता?’

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय वर घेतले.

‘माका नको. हिका सांग. एवढी वर्षां माझ्याबरोबर काढल्यान, पण मधीच कधीतरी बघता माझ्याकडे... तशी.’

वहिनींचे हात थांबले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, ‘वहिनी, बाबलदांनी काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. मुद्दाम सांगितलं होतं. मला माफ करा.’