भरपाईच्या बैठकीत

लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना भरपाई आणि आधार कसा द्यावा, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला रत्नागिरीत बैठक ठेवली होती. मी शहरातच राहते, तरी सगळ्यांच्या आधी पोचले आणि शेवटच्या रांगेत बसले. सभागृह निम्मं रिकामं. बोलले ते बहुतेक ज्यांच्यावर काही गुदरलं नव्हतं असेच. एका गृहस्थांनी संस्कारांवर व्याख्यान झोडलं, तेव्हा माझं डोकं सणकलं. आमच्या घरी संस्कारांना कधी तोटा नव्हता.

मी चौथीत असताना मुंबईच्या मोठ्या काकांनी माझ्याशी करू नये ते केलं. तेही गणपतीत, घर माणसांनी भरलेलं असताना. अजून त्यांना अहो-जाहोच करते, सवय जात नाही. ते परत गेल्यावर मी आईला सांगितलं. तिने मला पोटाशी धरलं, रडली आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाकडं बोलू नको गो." ती मूठ तिने आजवर उघडलेली नाही.

आमचा गणपती एकच, राजापूरकडच्या मूळ घरात. भावकीतल्या कुणी आपल्या बिऱ्हाडी वेगळा आणायचा नाही, अशी रीत. पूजेला घरातला वडीलधारा पुरुष बसतो, म्हणजे काकाच. हल्ली गुडघ्यांमुळे स्टुलावर बसतात म्हणे. नोकरी लागली तशी मी जाणं सोडलं. चतुर्थीला आमची इमारत ओस पडते. शेजारीण कुलूप लावता लावता विचारते, "तुम्ही नाही जात गावाला?" पूर्वी रजा नाही म्हणायचे, निवृत्त झाल्यापासून बस लागते म्हणते. मग दार लावून वरणभात खाते, कारण एकटीसाठी मोदक करवत नाहीत. त्या दिवशी फार एकटं वाटतं. रडूही येतं.

शेवटी सभागृहात मी हात वर केला आणि काकांनी केलं ते सांगितलं. बैठक चालवणाऱ्या बाईंनी मायेने विचारलं, "काय मिळालं तर तुम्हाला भरपाई झाली असं वाटेल?" मी रक्कम सांगेन म्हणून त्यांनी पेन सरसावलं होतं.

"मला गणपतीला आमच्या मूळ घरी जायचंय," मी म्हटलं. "त्यांनी यायचं नाही. मी यायचं."

बाई गोंधळल्या. "ते आमच्या हातात नाही हो," म्हणाल्या. खरंच नव्हतं. ते जिच्या हातात होतं, ती या वेळी गावच्या घरी टीव्ही बघत असणार. मी बाहेर येऊन तिला फोन लावला.

"आई, आज मी बोलले. सगळ्यांसमोर. काकांनी केलं ते."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग तिने हळूच विचारलं, "तिथं वळखीचा कोण नव्हता ना गो?"

"नव्हतं कुणी," मी म्हटलं. "तू तरी यायला हवी होतीस."