आभाळाला कान लावणारे चाचा

आमच्या फ्रीजवाल्या चाचांइतका आभाळाला घाबरणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसावा. उभ्या हयातीत त्यांनी निम्म्या शहराचे फ्रीज दुरुस्त केले आणि दर वेळी आतला जुना गॅस फुस्सकन हवेत सोडून दिला. पुढे कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना कळलं, की तोच गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. चाचा घरी परतले ते वर बघतच. मग गॅस सिलिंडरमध्ये कोंडायला लागले आणि फुस्स आवाजाची अशी धास्ती घेतली, की लग्नात कुणी अत्तराचा फवारा मारला तरी भरल्या ताटावरून उठायचे.

थर भरतोय की नाही हे बघायला त्यांनी उन्हातले अतिनील किरण मोजणारं चिमुकलं यंत्र मागवलं. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, काळा चष्मा लावून ते गच्चीवर उभे राहत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मलाही बोलावणं असे. "आइकून राह्यले का मास्तर? म्या सोडलेला गॅस अजून वाजून राह्यला वरतं." मी हसायचो. पण त्या सुन्न शांततेत एकदोनदा मलाही काहीतरी ऐकू आलं, हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

एकदा मोकळं आभाळ हवं म्हणून ते मला देऊळघाटला, धाकट्या भावाच्या शेतात घेऊन गेले. बीटी कपाशी डोक्याएवढी वाढलेली. अळी लागणार नाही म्हणून आणलेलं बियाणं, तरी भाऊ आत कुठंतरी फवारणी करत होता. चाचांनी यंत्र वर धरलं आणि तसेच थिजले. फुस्स... न थांबता, एकाच जागेवरून. वारा नव्हता, पान हलत नव्हतं.

"वरतून नाही," चाचा कुजबुजले. "खालतून येऊन राह्यला." आणि कपाशीत धावत घुसले.

भाऊ पालथा पडला होता. पाठीवरचा बॅटरीचा पंप चालूच होता, औषध मातीत फवारलं जात होतं. चाचांनी पंप बंद केला, भिजलेला सदरा फाडून काढला, अंग धुतलं. आम्ही त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. कित्येक दिवस तो कुणाला ओळखेना. चाचा उशाशी बसून होते. एका सकाळी त्यानं "भाईजान" अशी हाक मारली, तेव्हा चाचा व्हरांड्यात जाऊन लहान मुलासारखे रडले.

भाऊ घरी गेल्यावर चाचा पुन्हा गच्चीवर. मी एकदाचं सांगून टाकलं, "चाचा, या यंत्रानं ओझोन नाही कळत. ढग, धूळ, कशानंही आकडा बदलतो."

"मालूम हाय मले. बिमाराच्या उशाशी बसणाऱ्याले तरी काय समजते? पण उठून जाता येते काय?"

मला गप्प बसवेना. म्हटलं, शास्त्रज्ञ सांगतात, थर भरतोय. पण पुरता भरेल तेव्हा आपण दोघंही नसू.

चाचांनी एकदा वर बघितलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"भरून राह्यला ना? मंग आपल्याले काय घाई हाय," ते हळूच म्हणाले आणि माझ्यासाठी बशीत चहा ओतू लागले.