बाईंची तिरकी सही

आमचे हे चष्मे करतात, आणि त्याचा त्यांना किती गर्व आहे ते दुकानाची पाटीच सांगते. दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘तीस वर्षांत एकही नंबर चुकलेला नाही.’ दरवर्षी त्या तिसात एक वाढवत चला, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, “बढाई मारू नये माणसानं.” घ्या!

दुकानाच्या वरच्या मजल्यावर वकील बसतात. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक वकिलांचा कारकून करायचा आणि दुसऱ्या सहीसाठी वकील जिन्यातून हाक मारायचे, “अहो चष्मेवाले!” की हे हातातलं काम टाकून वर. निम्म्या पेठेच्या मृत्युपत्रांवर यांची सही आहे. कुणाला काय मिळणार हे त्यांना ठाऊक नसायचं, पण खाली येतानाचा रुबाब असा की जणू सगळी इस्टेट यांनीच वाटली.

तर बाईंचं मृत्युपत्र. बाई म्हणजे यांच्या शाळेतल्या बाई. अक्षर मोत्यासारखं. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना सरळ ओळीत लिहायला शिकवलं, आमच्या ह्यांना तर पट्टीचे फटके देऊन. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि राहतं घर धाकट्या मुलीला दिलं. धाकटीनं लग्न केलं नाही, आईचं सगळं तिनंच बघितलं. पुढच्या खोलीत तिचा शिवणक्लास, आठ मशिनं. बाई गेल्यावर थोरल्या भावानं कोर्टात हरकत घेतली: ही सही आईची नाहीच. मृत्युपत्र टिकलं नाही तर घर दोघांचं होणार, आणि थोरला ते विकणार हे सगळ्यांना माहीत होतं. धाकटी आणि तिची आठ मशिनं रस्त्यावर.

आणि सही खरंच भलतीच होती. डावीकडून निघालेली, जिना चढल्यासारखी वर गेलेली. अशी सही बाई करतील हे मलासुद्धा पटेना. कारकून मध्यंतरी वारला होता. सही केलेल्या साक्षीदारांत उरले एकटे आमचे हे.

तारखेच्या आधी दोन दिवस यांनी धड जेवण केलं नाही. “काय होतंय?” म्हटलं, तर “पित्त.” तीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं की पित्तानं माणूस पाटीकडे टक लावून बघत नाही.

कोर्टात थोरला पंधरा मिनिटं उशिरा आला. त्याच्या वकिलांनी सहीचा कागद यांच्या नाकासमोर धरला.

“ही सही तुमच्यासमोर झाली?”

“हो.”

“जन्मभर सरळ लिहिणारी बाई अशी सही करेल?”

मी मागच्या बाकावर पदर पिळतेय. धाकटीनं तर डोळेच मिटून घेतले. मग यांनी पिशवीतून डोळे तपासायची जाडजूड फ्रेम आणि एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं.

“चूक माझी आहे,” हे म्हणाले. “बाई त्या दिवशी लवकर आल्या होत्या. तोवर नंबर तपासून घेते म्हणाल्या. मी ही फ्रेम चढवली, काचा घातल्या, तेवढ्यात वरून हाक आली. जुन्या चष्म्यातून धड दिसेना, म्हणून तशाच वर गेल्या. वकिलांनी त्यांना आत वाचून दाखवलं, मग आमच्यासमोर त्यांनी सही केली. खाली आल्यावर म्हणाल्या, ‘अरे, वकिलाचं टेबल कललेलं होतं की रे!’ बघतो तर काय, एक काच मी चुकीच्या कोनात बसवलेली. तशा काचेतून सरळ रेघ तिरकी दिसते. या कार्डावर आधीचा कोन आहे, तो खोडून खरा लिहिलाय.”

“ही गोष्ट तीन वर्षं कुणाला सांगितली नाहीत?”

“बायकोलासुद्धा नाही.” इथे माझी मान आपोआप ताठ झाली. “बाई म्हणाल्या होत्या, ‘तुला मी सरळ लिहायला शिकवलं आणि तू मला वाकडं लिहायला लावलंस! जा, नाही सांगत कुणाला.’ शब्द पाळला त्यांनी.”

वकील हसले. “सोयीस्कर गोष्ट आहे.”

“मग घाला ही,” हे म्हणाले. “काचा त्याच कोनात आहेत.”

न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. वकिलांनी फ्रेम चढवली आणि झोकात सही केली. सही निघाली ती थेट छताकडे! कोर्टात हशा पिकला. वकिलांनी आणखी जपून दुसरी केली, ती पहिलीपेक्षा उंच गेली. न्यायाधीशबाई “शांतता” म्हणाल्या, आणि मग स्वतःचा चष्मा काढून, “बघू इकडे.” त्यांचीही सही डोंगर चढली. पट्टेवाल्याचा हात पुढे आला होता, पण त्याला फ्रेम कुणी दिली नाही.

वकील चिडले. “फ्रेमचं सोडा. बाई शुद्धीवर होत्या कशावरून? सही करताना काय बोलल्या?”

“म्हणाल्या, ‘भिंतीवरचं घड्याळ थोरल्याला द्या. ते पंधरा मिनिटं मागे पडतं, तोही. दोघांचं छान जमेल.’”

हे ऐकून थोरल्याच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. “आईच ती,” तो म्हणाला. मग वकिलांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. हरकत त्याच दिवशी मागे घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शिडी लावून पाटी खरवडायला निघाले. मी खूप समजावलं, पण ऐकतील तर ते हे कसले! एवढ्यात धाकटी आली. आमच्यासाठी पेढ्यांचा पुडा, डोळे रडून सुजलेले, आणि तोंडावर हसू.

“काका, काय करताय?”

“खोटं पुसतोय.”

“अहो, पण तुम्ही चुकलात हे लपवलं असतं, तर माझं घर गेलं असतं.”

“गुपित माझं होतं गं. घर तुझं आहे.”

तिनं यांना खाली उतरवलं, रंगाचा डबा मागितला आणि पदर खोचून स्वतः वर चढली. अक्षर अगदी आईचं. तिनं लिहिलं: ‘तीस वर्षांत एकच नंबर चुकला.’ पण शिडीवर तिला हसू आवरेना, रडूही आवरेना, हात हलला आणि ओळ उजवीकडे वर चढत गेली. पुसून पुन्हा लिहिते म्हणाली.

“राहू दे,” हे म्हणाले. “बाईंची आहे ती.”