ओव्हरमॉरोला या

खुद्द इंग्लंडातल्या मास्तरांनाही येत नसेल असलं इंग्रजी आमच्या कुरुंद्याच्या मामांना येत होतं, आणि त्यातला एकही शब्द कुणाच्या उपयोगाचा नव्हता! साधं "हाऊ आर यू" विचारलं तर मामा गडबडत. पण इंग्रजांनी कधीच टाकून दिलेले शब्द त्यांना तोंडपाठ. आखाडा बाळापूरच्या बाजारात एक भजेवाला जुन्या जाडजूड डिक्शनरीची पानं फाडून भजी बांधून देत होता. मामांनी ती अक्षरशः त्याच्या हातातून ओढून आणली. शेवटची पानं तोवर गिऱ्हाइकांबरोबर गेली होती, त्यामुळे 'टी'च्या पुढचं इंग्रजी मामांना अजिबात येत नसे. आम्ही जेवताना कुत्रं टक लावून बसलं की ते आनंदाने ओरडत, "बघ, ग्रोक करून राहिलं!" दुसऱ्याच्या ताटाकडे आशेने बघत राहणं म्हणजे ग्रोक. कामाचं नुसतं सोंग करणं म्हणजे फजेल, हळदीच्या रानात मी जरा टेकलो की "भाच्या, फजेल बंद!" अशी आरोळी आलीच. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब म्हणजे ॲप्रिसिटी, आणि ती खायला ते मला रोज सकाळी अंगणात बसवत. "ह्या शब्दायला तिकडं कोणी ईचारत न्हाई," ते म्हणत. "आपुन न्हाई सांभाळलं तर कोण सांभाळंल?"

सगळ्यांत लाडका शब्द ओव्हरमॉरो. म्हणजे परवा, पण फक्त येणारा. "आपला परवा लई लबाड. गेलेला का येणारा, पत्ता लागत न्हाई. ओव्हरमॉरो कसा बराबर!"

तिथेच घात झाला. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, मंगलला बघायला पुसेगावचे पाहुणे यायचे होते. मुलगा मंगलला फोटोतच आवडलेला. दिवसाचा घोळ नको म्हणून मामांनी एसटीडी बूथवरून मुलाच्या वडिलांना खणखणीत आवाजात सांगितलं, "ओव्हरमॉरोला या!" आणि लाईन कटली. पाहुण्यांना वाटलं, हे गावाचं नाव. कार्यक्रम तिथे ठेवला असेल! दुसऱ्याच दिवशी ते निघाले आणि हिंगोलीच्या स्टँडवर दुपारपर्यंत ओव्हरमॉरोची गाडी विचारत फिरले. एक कंडक्टर तर म्हणाला, "नांदेडकडं असंल ते." पाहुणे भडकून घरी परतले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे मामी पोह्यांची परात झाकून संध्याकाळपर्यंत वाट बघत बसली.

उलगडा झाला तेव्हा मंगल आत जाऊन रडली. मामा डिक्शनरी काखेत मारून पुसेगावला गेले, पाहुण्यांच्या ओसरीवर ते पान उघडून दाखवलं आणि हात जोडले. "चूक माही हाय. लेकराला सजा देऊ नका." आधी मुलगा हसायला लागला, मग त्याचा बापही. लग्न जमलं! पण घरी आल्यावर मामांनी डिक्शनरी माळ्यावर टाकली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. कुत्रं पुढ्यात येऊन बसलं तरी गप्प. मला फार वाईट वाटायचं.

मंगलच्या पहिल्या दिवाळसणाला मी तिथेच होतो. बूथवाला निरोप घेऊन आला. "काका, मंगलताईचा फोन होता. म्हणे, बाबांला सांगा, ओव्हरमॉरोला येते. हे गाव कुठं आलं वो?"

मामा उपरण्याने डोळे पुसत राहिले.

आतून मामीच म्हणाली, "आवो, परवा येऊन राहिली ती. माळ्यावरचं ते पुस्तक काढा खाली, वाळवी लागंल."