गेट बदलल्याचा मेसेज

दुपारी सव्वाबाराला माझ्या टेबलावरचा ऑफिसचा मोबाइल वाजला. गुवाहाटीच्या फ्लाइटचं गेट बदलल्याचा मेसेज होता. मेसेज आला जालन्यात आणि प्रवासी बसला होता दिल्लीत.

मी एका बियाणे कंपनीत ॲडमिनला होतो. ट्रॅव्हल डेस्क माझ्याकडे, म्हणजे साहेब लोकांची तिकिटं, हॉटेलं, गाड्या. बारा वर्षं तेच केलं. तिकीट बुक करताना एक मोबाइल नंबर द्यावा लागतो, एअरलाइनचे मेसेज त्यावर येतात. आम्ही तिथं कायम ऑफिसचाच नंबर टाकायचो. साहेबांच्या डोक्याला ताप नको आणि रेकॉर्डही आपल्याकडे राहतं. गेट बदललं तर साहेब लोक स्क्रीन बघून आपापलं निभावून न्यायचे, त्यामुळे यात काही खोट आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

त्या दिवशीचा प्रवासी साहेब नव्हता. केदारखेड्याचे शेषराव, आमच्या अमोलचे वडील. अमोल कंपनीचा फील्ड ऑफिसर, पोस्टिंग गुवाहाटीला. आदल्या दिवशी सकाळी ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. आयसीयूत होता, पण शुद्धीवर होता आणि सारखं ‘आबांना बोलवा’ म्हणत होता. डॉक्टरांनी आमच्या तिथल्या माणसाला बाजूला घेऊन सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत वडिलांना आणा. अमोलची आई आधीच गेलेली, बायकोला आठवा महिना. जाणार ते एकटे शेषरावच.

मी जीएम साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“सर, ते कधी विमानात बसलेले नाहीत. दिल्लीला विमान बदलायचंय. मी जातो सोबत.”

“सीझन तोंडावर आलाय, इथलं कोण बघणार? एकातून उतरायचं, दुसऱ्यात बसायचं. त्यात काय एवढं? नीट लिहून द्या त्यांना.”

लिहून दिलं. मोठ्या अक्षरात, पाच ओळी. विमानात बसल्यावर मोबाइल बंद करायचा. दिल्लीला बाहेर पडायचं नाही, वर्दीवाल्याला बोर्डिंग पास दाखवायचा, तो पुढच्या विमानाकडे पाठवेल. पासवर छापलेल्या नंबरच्या गेटसमोर बसायचं. जागा सोडायची नाही. नाव पुकारलं की उठायचं.

शेषरावांनी दोनदा वाचलं. “नाव पुकारतेत ना? मंग बराबर हाय साहेब. तहसीलला अन् कोर्टात जिंदगी गेली आमची. पुकारा व्हईपर्यंत बसायचं, मधी घुसायचं न्हाई. तेवढं बिलकुल जमतं मला.”

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मी स्वतः दोनदाच विमानात बसलो होतो, तेही फार वर्षांपूर्वी. तेव्हा नावं पुकारायचे. आता मोठ्या विमानतळांवर गोंगाट नको म्हणून घोषणा जवळपास बंद आहेत, काय ते स्क्रीनवर बघायचं, हे मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं तिकिटं काढणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

मेसेज वाचल्याबरोबर शेषरावांना फोन लावला. स्विच्ड ऑफ. पाच-सहा वेळा लावला. मोबाइल बंद करा असं मीच लिहिलं होतं, उतरल्यावर चालू करा हे लिहायचं राहिलं होतं. मग एअरलाइनला लावला.

“सर, पॅसेंजर अजून गेटवर आलेले नाहीत,” तिकडची मुलगी म्हणाली.

“ते जुन्या गेटसमोर बसलेत. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. कुणालाही ओळखू येतील. एक माणूस पाठवा फक्त.”

“मी कॉल सेंटरमधून बोलतेय सर. रिक्वेस्ट टाकते.”

तिनं रिक्वेस्ट टाकली. बारा पन्नासला गेट बंद झालं.

अडीच वाजता शेषरावांचा फोन आला. झाडूवाल्या बाईकडून त्यांनी मोबाइल चालू करून घेतला होता.

“साहेब, इथं दुसऱ्याच गावाच्या लोकायची लाइन लागली अन् गेलीबी. मी बसूनच हाय. माझं नाव न्हाई घेतलं कुनी.”

विमान गेल्याचं मी सांगितलं.

“असं कसं गेलं? मी तर जागचा हाललो न्हाई. तुमी लिहून देल्तं तसंच केलं.”

ते चिडले असते तर मला सोसलं असतं. ते नुसतं विचारत होते.

त्या दिवशीच्या पुढच्या सगळ्या फ्लाइट फुल होत्या. जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळची. पहाटे पाचला गुवाहाटीहून आमच्या माणसाचा फोन आला, अमोल गेला. सहाला शेषरावांचा आला. एका जवानानं त्यांना बरोबर गेटवर नेऊन बसवलं होतं.

“निघालो साहेब. लेकरू कसं हाय?”

“आहे,” मी म्हणालो. “वाट बघतोय तुमची.”

एकट्या माणसाला, परक्या गर्दीत, ते सांगायची माझी छाती झाली नाही. ते काम मी गुवाहाटीच्या माणसावर ढकललं.

बुकिंगची पद्धत मी त्याच आठवड्यात बदलली. नंबर प्रवाशाचा आणि सोबत घरच्या एकाचा. ज्या जागी आपण गेलो नाही तिथल्या सूचना लिहून देणंही बंद केलं. आधी जाऊन आलेल्याला विचारतो.

महिनाअखेरीला प्रवासाची फाइल बंद करायची होती. पहिलं तिकीट का वाया गेलं, त्याचं कारण लिहावं लागतं. एअरलाइनच्या कागदावर ‘नो-शो’ होतं, म्हणजे तिकीट काढलेला प्रवासी आलाच नाही.

“सर, असं कसं लिहू? ते तिथंच होते,” मी जीएमना म्हणालो.

“त्यांच्या कागदावर जे आहे तेच लिहा. ऑडिटवाले बाकीचं विचारत बसत नाहीत.”

मी तेच लिहिलं आणि खाली सही केली. मुलाला भेटायला निघालेला बाप गेटसमोर तीन तास बसून होता. आमच्या फाइलीत तो आलाच नाही.