शिंगानं फाडलेलं काळीज

त्या काळात सोलापुरात छाती उघडायची म्हटलं की भले भले सर्जन कपाळाला आठ्या घालत. मी घालत नसे. माझा हात चांगला होता आणि ते मला ठाऊक होतं. उगाच विनयाचं सोंग कशाला आणू?

एका दुपारी बैलबाजारातून टांग्यात घालून एका व्यापाऱ्याला आणलं. अक्कलकोटकडचा लिंगायत गृहस्थ, सोबत बायको. बैलानं डाव्या छातीत शिंग खुपसलं होतं. टेबलावर घेतला आणि नाडी गेली. कान लावला, तर हृदयाचे ठोकेही बंद. आत रक्त साचून हृदय आवळलं गेलं होतं. छाती उघडायची तर याच क्षणी.

गळ्यातला दोरा मधे येत होता. त्याला चांदीच्या डबीत लिंग. माझा सहायक कोकणातला. ताईत समजून त्यानं दोऱ्याला कात्री लावली मात्र, बाई दारातून धावत आली. ‘‘ब्याड! ब्याड!’’ नको, नको म्हणत तिनं कात्रीच धरली. ‘‘त्ये अंगावेगळं करायचं नसतंय! काढलं की गेलंच माणूस.’’

‘‘अहो बाई, माणूस गेलाच आहे! परत आणू तरी द्या की!’’ मी खेकसलो. तिची मूठ सुटेना. मग एकदम आठवलं, पूजेला ही मंडळी लिंग डाव्या तळहातावर घेतात. ‘‘दोरा डोक्यावरून काढा, डबी त्यांच्या डाव्या हातात द्या आणि ती मूठ धरून बसा. अंगावेगळं होत नाही मग.’’ तिनं तसंच केलं.

मी फासळ्यांमधून सुरी फिरवली. हृदयावरचं आवरण कापताच रक्ताच्या गुठळ्या भसकन बाहेर आल्या. शिंगानं हृदयाला पाडलेल्या भोकावर बोट ठेवून हृदय मुठीत दाबत राहिलो. सहायक भात्यानं फुप्फुसात हवा भरत होता. ‘‘चल की बाबा, चल!’’ मी ओरडत होतो. ते थरथरलं, आणि चाललं! रेशमाचे टाके घालताना आनंदानं मी सहायकाला एक सणसणीत शिवी हासडली.

पुढे तो खाटेवर उठून बसायला लागला, तेव्हा बाईनं मला विचारलं, ‘‘ह्यांचं काळीज हातात घेतलं हुतं म्हणं तुमी?’’

‘‘घेतलं होतं तर!’’ मी ऐटीत म्हणालो.

‘‘मला बी दावायचं की वाईच. लगीन झाल्यापासनं हुडकतीया मी.’’

मी हसलो. नवरा हसला नाही. त्यानं तिचा हात ओढून छातीवरच्या पट्टीवर ठेवला. ‘‘हितं हाय,’’ म्हणाला.