पाणी मारलं की दिसणारा हात

चकचक,

तुला अख्खी गल्ली याच नावाने हाक मारते, तेव्हा मीही तेच लिहिते. तुझीच गोष्ट तुला सांगणार आहे. तोंडावर सांगितली असती, पण तू ऐकून कुठे घेतोस? बादली उचलतोस आणि नळाकडे चालू लागतोस.

तू पेट्रोल पंपावर काचा पुसायचास तेव्हापासून मी तुला ओळखते. अरेतुरे तेव्हापासूनचंच. पुढे एका शटरचा गाळा घेतलास, लग्न केलंस आणि गाड्यांना सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पाणी ठरू न देणारा तो काचेसारखा थर, करून द्यायला लागलास. गाळ्यात बोलायचास तू आणि काम करायची तुझी बायको. रागावू नकोस, खरं तेच लिहिते आहे. पत्र्यावर दिवा तिरका धरून ती असे काही ओरखडे दाखवायची, की मालकाने मान खाली घालावी. "मावशी, गाडी चालवता का मांजरांना खेळायला देता?" हे मला तिनेच विचारलं होतं.

माझी गडद निळी गाडी हे तुम्हा दोघांचं शेवटचं काम. कोटिंगच्या आधी पत्रा स्पिरिटसारख्या कशानेतरी पुसून घेतात, आणि मग त्याला उघडा हात लावायचा नाही. बोटांचं तेल राहिलं तर तेवढ्या जागी कोटिंग धरत नाही. हेही मला तिनेच सांगितलेलं. त्या दुपारी मी कोपऱ्यात स्टुलावर बसून होते. तू बाटली उघडून वळलास, तर ही हातमोजा काढून, डावा हात बॉनेटवर टेकून उभी.

"हात काढ! भिंत आहे का ती? इतकी वर्षं काय शिकलीस?"

"जरा गरगरल्यासारखं झालं."

"मग खाली बस ना. गाडीवर कशाला रेलतेस?"

ती खाली बसली. आणि तू घुश्शातच, तेवढा भाग पुन्हा न पुसता, कोटिंग चढवलंस. गाडी वाळली, लखलखली, डाग म्हणून कुठे दिसला नाही. ती चक्कर मात्र पहिली होती. वर्ष सरायच्या आत ती गेली.

त्यानंतर गाळ्यात तुझं मन लागेना. तू माझ्या दारात येऊन गाडी धुतो म्हणालास. पहिल्याच दिवशी पाइपने पाणी मारलंस. सगळ्या बॉनेटवर पाण्याचे गोल थेंब झाले आणि घरंगळत गेले. एका जागी पाणी गेलंच नाही. पातळ, चिकटून राहिलं. पाच बोटं. तळव्याचा खालचा भाग रुंद, बोटांची टोकं बारीक, म्हणजे सगळा भार देऊन टेकलेला हात. करंगळी वाकडी. शटर पडून वाकली होती ती, आठवतं ना?

"हे काय रे?" मी विचारलं.

"डाग आहे, मावशी. पॉलिशचं मशीन मारलं की जाईल."

"कधी मारतोस?"

"बघू."

मी शिकलेली बाई आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेलाची भानगड मला कळते. तरी एकदा भुरभुर पावसात गाडी चालवत होते, तर समोर बॉनेटवर तो हात उमटला, कुणीतरी पुढून गाडी अडवायला टेकावा तसा. मी करकचून ब्रेक मारला. मागचा माणूस शिव्या देत पुढे गेला. मीही दिल्या. तेव्हापासून गाडी ओली असली, की मी लांबच्या बाजूने वळसा घालून दार उघडते.

तू मात्र दर आठवड्याला यायला लागलास. बाकीच्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने पाहत नाहीस, हे मला ठाऊक आहे. सावलीत उभी करायची, एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मऊ कापड सरळ रेषेत फिरवायचं, गोल नाही. पक्ष्याने घाण केली तर मी लगेच फोन करायचा. आणि कोटिंग टिकावं म्हणून तो स्प्रे मारायचा, तेव्हा त्या हातावर आधी स्वतःचा हात ठेवायचास आणि भोवतीने फवारायचास.

"एवढा सोपस्कार कशाला?" मी विचारलंच.

"कोटिंग आहे म्हणून तर तो दिसतो, मावशी. भोवतालचं झिजलं, की पाणी सगळीकडेच पसरणार. मग हात कुठला नि काय कुठलं."

"आणि त्याच्यावरच स्प्रे मारला तर?"

"तरी गेलाच."

एवढं बोलून तू बादली उचललीस. एकदा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तुझा हात त्या हातावर होता आणि तू हळू आवाजात म्हणत होतास, "बस. बस जरा खाली. गाडीचं काय एवढं." मी मिक्सर सुरू केला. भांडं रिकामं होतं.

मग माझ्या चिरंजीवांचा फोन आला. तुझी नजर गेली, गाडी वीक, माझा मित्र घेतोय. मित्र आला नेमका तू धूत असताना. "हा पंजा कुणाचा हो?" म्हणून हसला. तो काढून दिला तर गाडी घेतो म्हणाला. तू कापड पिळत होतास. पाणी संपलं तरी पिळतच होतास. तो गेल्यावर म्हणालास,

"मशीन दुरुस्तीला टाकलंय. तुमच्या चष्मेवाल्याला लागूनच दुकान आहे. येताना आणाल का?"

त्या दुकानावरून तू रोज जातोस-येतोस, चकचक.

चष्मा आणायला गेले तेव्हा मशीन पुढेच ठेवलेलं होतं. वायर गुंडाळलेली, तुझ्या नावाची चिठ्ठी डकवलेली. दुकानदार म्हणाला, "तयार आहे बाई, घेऊन जा." मी त्याला किती वाजले ते विचारलं आणि बाहेर पडले.

तुला सांगितलं, दुकान बंद होतं. तू "असेल" म्हणालास आणि नळ सोडलास. मित्राने दुसरी गाडी घेतली. चिरंजीव फुगून बसलेत, बसू देत.

काल पाणी मारलंस तेव्हा करंगळी आली नाही. चार बोटं आली. तू पुन्हा मारलंस, जवळून मारलंस. मी पायरीवर होते, मला दिसलं, आणि मला दिसलं हे तुलाही कळलं. तू कापडांची घडी केलीस, दोन्ही बादल्या उचलल्यास.

"दुकान उघडलं का हो, मावशी?"

"नाही रे. बंदच आहे."